दोन घात सदुसष्ट उणे एक

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७.

ही एकवीस अंकी संख्या आपल्या सवयीने स्वल्पविराम देऊन लिहिली तर १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ अशी दिसते. वाचायला गेलं की जीभ कोटीपाशी अडखळते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त स्थानांची नावं परार्धापर्यंत दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं, अठरावं स्थान. आपली संख्या त्याच्याही पुढे तीन स्थानं जाते, ठोकळमानाने १४७५ परार्ध भरते.

तिची ओळख करून घ्यायचा सोपा रस्ता बुद्धिबळाच्या पटावरून जातो. पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत जायची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. तो पट चौसष्ट घरांवर न थांबवता आणखी तीन घरं लांबवा. सदुसष्ट घरांतल्या सगळ्या दाण्यांची बेरीज म्हणजे ही संख्या. अडुसष्टावं घर असतं तर त्यात जेवढे दाणे पडले असते त्याहून बरोबर एक कमी. म्हणून तिचं आटोपशीर नाव २^६७ − १ (^ ही खूण इथे घाताची).

ही संख्या मूळ आहे असं १६४४ मध्ये छापून आलं. ती मूळ नाही हे १८७६ मध्ये सिद्ध झालं. तिचे अवयव हातात आले १९०३ मध्ये. यातल्या शेवटच्या दोन तारखांमध्ये सत्तावीस वर्षांचं अंतर आहे आणि हे प्रकरण मला त्या अंतरासाठीच मांडावंसं वाटतं. एखादी संख्या फुटते हे पक्कं ठाऊक असूनही ती कुठे फुटते हे कुणालाच सांगता येऊ नये, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते अशक्यच वाटलं होतं. शाळेत आपण संयुक्त संख्या ओळखतो ती भागून. भाग गेला की संयुक्त, नाही गेला की मूळ. भाग न घालवता ‘भाग जातो’ असं म्हणायचं तरी कसं?

पॅरिसचा दावा

मारँ मर्सेन हे मिनिम पंथाचे धर्मगुरू, पॅरिसला राहणारे. युरोपभरच्या गणितज्ञांशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि अनेकांची कामं त्यांच्यामार्फतच एकमेकांपर्यंत पोचत. त्यांना परिपूर्ण संख्यांमध्ये रस होता. ६ चे स्वतः सोडून उरलेले भाजक १, २, ३ यांची बेरीज पुन्हा ६ होते. २८, ४९६ आणि ८१२८ यांचंही तसंच. युक्लिडच्या काळापासून माहीत आहे की २^न − १ मूळ असेल तर २^(न−१) ने तिला गुणून परिपूर्ण संख्या मिळते. म्हणून शोध सुरू झाला तो २^न − १ या साच्यातल्या मूळ संख्यांचा.

घातांक स्वतः संयुक्त असेल तर बघायचीच गरज नाही. द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ हे अंक वापरून) लिहिली की २^न − १ म्हणजे ओळीने न एक्के. सहा एक्के घ्या: ११११११. मोजायला सोपं पडावं म्हणून तीन-तीनचे गट करा: १११ १११. हे उघडच १११ गुणिले १००१ आहे. म्हणजे ६३ = ७ × ९. घातांक फुटला की एक्क्यांची ओळ समान गटांत फुटते. घातांक मूळ असेल तर असे गट पडत नाहीत, पण म्हणून संख्या मूळ ठरत नाही: २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.

१६४४ च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत मर्सेन यांनी लिहिलं की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ यांनाच मूळ संख्या मिळते. २५७ पर्यंत मूळ घातांक ५५ आहेत. त्यांतल्या पाचांबाबत त्यांचं चुकलं: ६७ आणि २५७ नको होते, ६१, ८९ आणि १०७ राहून गेले. ६१ च्या जागी ६७ छापलं गेलं असावं असा तर्क काहींनी केला आहे. मला तो फारसा पटत नाही, कारण मग ८९, १०७ आणि २५७ यांचं काय करायचं? पण पंचावन्नांत पन्नास बरोबर, तेही सतराव्या शतकात, ही गोष्ट थक्क करणारी आहे. स्विस गणितज्ञ ऑयलर यांना २^३१ − १ म्हणजे २१४७४८३६४७ ही एकच संख्या मूळ असल्याचं सिद्ध करायला १७७२ साल उजाडलं.

अवयव कसे दिसणार, हे आधीच ठाऊक होतं

आता जरा वही-पेन घेऊन बसू, कारण या संख्येचा खरा स्वभाव इथे कळतो.

समजा क ही मूळ संख्या २^६७ − १ ला निःशेष भागते. म्हणजे २^६७ ला क ने भागलं की बाकी १. आता १, २, ४, ८, १६… यांना क ने भागून येणाऱ्या बाक्या ओळीने लिहीत जा. काही पावलांनी पुन्हा १ येतो आणि तेच चक्र सुरू होतं. सदुसष्टाव्या पावलाला १ येतोच, म्हणून चक्राची लांबी ६७ ला भागणारी हवी. ६७ मूळ आहे, आणि लांबी १ असू शकत नाही. मग ती नेमकी ६७. दुसरीकडे फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांच्या १६४० च्या नियमाप्रमाणे क − १ पावलांनंतरही १ येतो. म्हणून क − १ ला ६७ ने भाग जातो. क विषम, म्हणून १३४ ने भाग जातो.

म्हणजे २^६७ − १ चा कुठलाही अवयव १३४ च्या पटीहून एकाने मोठाच असतो. फर्मा यांनी याच वाटेने २^३७ − १ ला २२३ ने भाग जातो हे दाखवलं होतं. २२३ म्हणजे ७४ ची तिप्पट अधिक १.

एवढ्यावर भागत नाही. २^६७ ची बाकी १ तर २^६८ ची बाकी २. पण २^६८ हा २^३४ चा वर्ग आहे. याचा अर्थ क च्या हिशेबात २ ही ‘वर्गाची बाकी’ आहे, आणि तसं फक्त त्याच मूळ संख्यांबाबत होतं ज्यांना ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरतात. दोन्ही अटी एकत्र लावल्या की १३४ × ट + १ मधला ट असा हवा की त्याला ४ ने भागून ० किंवा १ उरेल. निम्मे उमेदवार गळाले.

उरलेल्यांची यादी करायला घेतली तर सुरुवात अशी होते: १३५, ५३७, ६७१, १०७३, १२०७. पाचही आपोआप बाद, कारण यातली एकही मूळ नाही (५३७ = ३ × १७९, ६७१ = ११ × ६१, १०७३ = २९ × ३७, १२०७ = १७ × ७१). पहिला खरा उमेदवार १६०९. त्याच्या अलीकडे २, ३, ५, ७ पासून एकाही मूळ संख्येने भागून बघायची गरज नाही. एकवीस अंकी राक्षस, आणि १६०९ पर्यंत त्याला हात न लावता आपण पोचलो. मला हे फार आवडतं.

पण ही संख्या जितकी उघडी आहे तितकीच फसवीही आहे. एखादी संख्या न मूळ आहे का हे चाचपायची एक झटपट कसोटी अशी: २ चा (न − १) वा घात घ्या, न ने भागा, बाकी १ आली नाही तर न नक्की संयुक्त. आपल्या संख्येला ही कसोटी लावा. न − १ म्हणजे २^६७ − २, म्हणजे २ × (२^६६ − १), आणि ६७ मूळ असल्यामुळे याला ६७ ने भाग जातो. मग २ चा (न − १) वा घात म्हणजे २^६७ चाच कुठला तरी घात. २^६७ ची बाकी १, म्हणून त्या घाताचीही बाकी १. कसोटी पार! ६७ च्या जागी कुठलाही मूळ घातांक घेतला तरी हेच होणार. २ ला साक्षीदार म्हणून उभं केलं की तो या घराण्यातल्या प्रत्येक संख्येच्या बाजूने साक्ष देतो, ती मूळ असो वा नसो. त्याची साक्ष इथे घेण्यात अर्थच नाही.

ल्युका यांचा निकाल

१८७६ मध्ये एद्वार ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने या घराण्यासाठी खास कसोटी शोधली. तिला पुढे अमेरिकन गणितज्ञ डी. एच. लेहमर यांनी सुटसुटीत रूप दिलं, ते इथे देतो, कारण ते कुणालाही करून बघता येतं.

४ ने सुरुवात करा. प्रत्येक वेळी वर्ग करा, २ वजा करा, आणि आपल्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवा. घातांक प असेल तर ४ धरून एकूण प − १ पदं लिहायची. शेवटचं पद शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर संयुक्त. मध्ये काहीच नाही.

३१ साठी (घातांक ५, चार पदं): ४, १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी ०. म्हणजे ३१ मूळ.

२०४७ साठी (घातांक ११, दहा पदं): ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य नाही. २०४७ संयुक्त.

या १७३६ कडे थोडा वेळ बघत बसावं. २०४७ मूळ नाही याची ही पक्की पावती आहे. पण तिच्यात २३ कुठे आहे? ८९ कुठे आहे? कुठेच नाही. आपल्याला २०४७ चे अवयव आधीच ठाऊक आहेत म्हणून चुकल्यासारखं वाटत नाही. तेच २^६७ − १ ला लावा: चार धरून सहासष्ट पदं, म्हणजे एकवीस अंकी संख्यांचे वर्ग आणि त्यांचे भागाकार पासष्ट वेळा. चिकाटीच्या माणसाला ते काही आठवड्यांत हाताने जमेल. शेवटी एक वीस-एकवीस अंकी बाकी उरते. ती शून्य नाही, एवढंच ती सांगते.

ल्युका यांनी त्याच वर्षी २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवलं, ती ३९ अंकी आहे. आणि २^६७ − १ मूळ नाही असाही निकाल दिला. मर्सेन यांच्या यादीला २३२ वर्षांनी पहिला तडा गेला. पण तडा कुठून कुठवर गेलाय हे दिसत नव्हतं.

तीन वर्षांचे रविवार

फ्रँक नेल्सन कोल यांचा जन्म १८६१ चा, अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्सचा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते प्राध्यापक होते आणि १८९६ पासून १९२० पर्यंत अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे सचिव. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी, शनिवारी, न्यूयॉर्कला सोसायटीच्या सभेत त्यांनी मोठ्या संख्यांच्या अवयवांवरचा निबंध सादर केला.

त्या दिवसाची जी हकीकत सांगितली जाते ती गणितज्ञ ई. टी. बेल यांनी लिहिलेली. कोल फळ्याकडे गेले, एक अक्षर न बोलता २ चा ६७ वा घात काढला, त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागात दोन संख्या लिहून त्यांचा हाताने गुणाकार केला. दोन्ही उत्तरं जुळली. सभेने टाळ्या वाजवल्या. कोल जागेवर येऊन बसले. कुणी प्रश्न विचारला नाही.

बेल त्या सभेला हजर नव्हते. १९०३ साली ते तिकडे कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्डला शिकत होते. पुढे कोलंबियात आल्यावर त्यांची कोल यांच्याशी गाठ पडली. म्हणून त्या मौनाची हकीकत मी ऐकीव म्हणूनच धरतो. निबंध मात्र खरा आहे, सोसायटीच्या बुलेटिनमध्ये तो छापून आला, आणि त्यातल्या दोन संख्याही खऱ्या आहेत:

१९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

एकोणीस कोटी सदतीस लाख सात हजार सातशे एकवीस, आणि शहात्तर हजार एकशे त्र्याऐंशी कोटी ब्याऐंशी लाख सत्तावन्न हजार दोनशे सत्त्याऐंशी.

किती वेळ लागला, असं बेल यांनी १९११ मध्ये विचारलं तेव्हा कोल म्हणाले, तीन वर्षांचे रविवार. हेही बेल यांनीच सांगितलेलं. तीन वर्षांत रविवार येतात सुमारे १५६. हे खरं असू शकतं का, याचा हिशेब करता येतो.

लहान अवयव १३४ × १४४५५८० + १ आहे. १४४५५८० ला ४ ने भाग जातो, म्हणजे वरच्या दोन्ही अटींत तो बसतो. त्याच्यापर्यंत पोचायला चार-चारांत दोन या हिशेबाने ७ लाख २२ हजारांवर उमेदवार तपासावे लागतील. ३, ५, ७ च्या पटी नुसत्या नजरेने वगळल्या तरी सव्वातीन लाखांहून जास्त उरतात. १५६ रविवारांत वाटले तर एका रविवारी दोन हजारांहून जास्त भागाकार, तेही एकवीस अंकी भाज्याचे. एकेकाला पाच मिनिटं धरली तर एका रविवारला पावणेदोनशे तास हवेत. उमेदवारांतले फक्त मूळ तेवढे निवडायचे म्हटलं तर ते ऐंशी हजारांच्या आसपास येतात, पण ते निवडायला तक्ता हवा, आणि त्या काळच्या छापील अवयव-तक्त्यांची धाव एक कोटीच्या आतच संपायची. एकोणीस कोटी फार दूर.

म्हणजे नुसत्या भागाकारांनी हे झालेलं नाही. कोल यांनी वर्गशेषांची, म्हणजे वर्गांच्या बाक्यांची, चाळण लावली. तिचं तत्त्व वर २ च्या बाबतीत पाहिलंच आहे. असा एखादा वर्ग शोधायचा की त्याला आपल्या मोठ्या संख्येने भागल्यावर लहानशी बाकी उरेल. ती बाकी मग प्रत्येक अवयवाच्या हिशेबातही वर्गाची बाकी असते. अवयव अजून अज्ञात आहे, पण त्याच्यावर एक अट बसली, आणि ती अट ढोबळमानाने निम्म्या उमेदवारांना बाहेर काढते. दुसरा वर्गशेष सापडला की उरलेल्यांतले निम्मे जातात. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या वीस अटी जमल्या तर दहा लाखांत एक उरतो. रविवार खर्ची पडले ते हे वर्गशेष गोळा करण्यात आणि एकेक चाळणी हाताने फिरवण्यात. एक बाकी चुकली तर खरा अवयवच चाळणीतून खाली पडणार आणि त्याचा पत्ताही लागणार नाही. या कामातली भीती मला ती वाटते. चुकीचा भागाकार पुन्हा करता येतो, पण चुकीच्या चाळणीत काय निसटलं हे कोण सांगणार?

ताळा

हा गुणाकार मी चौकटीच्या वहीत करून पाहिला आहे, आणि तुम्हीही करावा असं मनापासून वाटतं. ७६१८३८२५७२८७ वर लिहा, खाली १९३७०७७२१. खालच्या संख्येत ७ तीनदा येतो, त्यामुळे सातपट, ५३३२८६७८०१००९, एकदा काढून ठेवली की तीन ओळी सुटतात. नऊपट ६८५६५४४३१५५८३, तिप्पट २२८५५१४७७१८६१, दुप्पट १५२३६७६५१४५७४. शून्याची ओळ नाही. एकूण आठ ओळी, प्रत्येक आपापल्या घरात सरकवलेली. चौकटीची वही नसेल तर बेरजेत घरं हमखास हलतात.

बेरीज झाल्यावर नवाचा ताळा. १९३७०७७२१ च्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे १०, म्हणजे १. दुसऱ्या संख्येची ६४, म्हणजे १०, म्हणजे १. गुणाकाराची १०९, म्हणजे १०, म्हणजे १. एक गुणिले एक, एक. ताळा जुळला. पण नवाचा ताळा दोन अंकांची अदलाबदल पकडत नाही, म्हणून अकराचाही घ्यावा. उजवीकडून एक आड एक अंक अधिक-उणे करत गेलं की पहिल्या संख्येचे −१३ येतात, म्हणजे ९. दुसरीचे ८. गुणाकार ७२, अकराने भागून ६. मोठ्या संख्येचे १७, तेही ६.

याहून देखणी पडताळणी आहे, तिच्यात दुसरा अवयव लागतच नाही. २^३३ म्हणजे ८५८९९३४५९२. याला १९३७०७७२१ ने भागा: भागाकार ४४, बाकी ६६७९४८६८. या बाकीचा वर्ग ४४६१५५४३९११३७४२४. त्याला पुन्हा १९३७०७७२१ ने भागा: भागाकार २३०३२४०३, बाकी ९६८५३८६१. ही २^६६ ची बाकी झाली. दुप्पट करा: १९३७०७७२२. आपल्या भाजकाहून बरोबर एकाने जास्त! म्हणजे २^६७ ची बाकी १, म्हणजे २^६७ − १ ला भाग जातो. दोन भागाकार, एक वर्ग आणि एक दुप्पट, बस. तीन वर्षांनी सापडलेली गोष्ट एका बैठकीत पटते.

दोन्ही अवयव स्वतः मूळ आहेत, आणि ते तपासतानाही तीच १३४ ची अट मदतीला येते. १९३७०७७२१ फुटत असेल तर तिचा एक मूळ अवयव १३९१८ च्या आत हवा, आणि तो आपल्या मोठ्या संख्येचाही अवयव असणार. म्हणून त्यालाही दोन्ही अटी लागू. १३९१८ च्या आत असे उमेदवार अवघे ५१ आहेत, त्यांतले पहिले पाच आपण वर बाद केलेच आहेत. मोठ्या अवयवाला असे सव्वातीन हजार तपासावे लागतात.

पुढे

यादीतल्या बाकीच्या चुका वेगवेगळ्या हातांनी निस्तरल्या. २^६१ − १ मूळ असल्याचं रशियातल्या इव्हान पर्वुशिन यांनी १८८३ मध्ये दाखवलं, ८९ आणि १०७ अमेरिकेतल्या आर. ई. पॉवर्स यांनी १९११ आणि १९१४ मध्ये. २५७ पर्यंतची यादी पूर्ण तपासून व्हायला १९४७ उजाडलं. कोल १९२६ मध्ये वारले. त्यांच्या नावाचं कोल पारितोषिक बीजगणित आणि संख्यासिद्धांतातल्या कामाला आजही दिलं जातं.

कोल यांचे रविवार आज संगणक एका सेकंदाच्या आत उरकतो. पण मधली दरी बुजलेली नाही, उलट तिचा नेमका आकार कळला आहे. २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतल्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवून दिलं की कुठलीही संख्या, मग ती कुठल्या खास घराण्यातली नसली तरी, मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि वाजवी वेळात ठरवता येतं. अंक वाढले की काम वाढतं, पण आवाक्याबाहेर जात नाही. तीही पद्धत ल्युका यांच्यासारखीच अवयवांबद्दल मौन पाळते. अवयव शोधायची तशी पद्धत नेहमीच्या संगणकासाठी आजवर कुणाला सापडलेली नाही. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी नेमक्या याच दरीवर कुलूप बसवलं: दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जगजाहीर, त्या दोन संख्या मात्र गुपित. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवायला पुढे हे कुलूप वापरात आलं.

मर्सेन यांच्या साच्यातल्या संख्यांचा शोधही थांबलेला नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सापडलेली २^१३६२७९८४१ − १ ही या साच्यातली बावन्नावी ज्ञात मूळ संख्या ४ कोटी १० लाखांहून जास्त अंकांची आहे. मला मात्र तिच्यापेक्षा एक खूप लहान संख्या जास्त खुणावते. २^१२७७ − १, फक्त ३८५ अंकी. ती संयुक्त आहे हे ल्युका-लेहमर कसोटीने केव्हाच सिद्ध झालं आहे. मी हे लिहीपर्यंत तिचा एकही अवयव कुणाच्या हाती आलेला नाही. जगभरच्या संगणकांनी वर्षानुवर्षं चाळण्या फिरवून झाल्या. तिचा प्रत्येक अवयव २५५४ च्या पटीहून एकाने मोठा असणार, आणि त्याला ८ ने भागलं तर १ किंवा ७ उरणार.